सोबत चालायचं, तर कुणाच्या भाषेत?

कर्णबधिर आणि ऐकणारे यांनी मिळून रानवाटांवर पायी फिरायला जावं का, असा विषय निघाला की वाद लगेच दोन ठरलेल्या टोकांना जाऊन बसतो. एक बाजू म्हणते, सगळ्यांना बोलवा, एखादा दुभाषी घ्या, भेदभाव कसला करता? दुसरी म्हणते, कर्णबधिरांच्या सहली कर्णबधिरांनीच काढाव्यात, मिश्र गटात त्यांची फरफट होते. मग पहिली बाजू दुसरीला फुटीर ठरवते आणि दुसरी पहिलीला भाबडी. दोघंही मोजत असतात ती डोकी: गटात कोण किती, कुणाला घेतलं, कुणाला वगळलं. चालता चालता प्रत्यक्षात काय होतं, याकडे कुणी बघत नाही. माझं म्हणणं सुरुवातीलाच सांगते. एकत्र चालावं, जरूर चालावं. पण ते चालणं डोळ्यांच्या हिशेबानं आणि सांकेतिक भाषेत व्हायला हवं, आणि जुळवून घेण्याचं काम ऐकणाऱ्यांनी करायला हवं. ज्या गटाला हे करायचं नसेल, त्यानं आपल्या सहलीला 'सर्वांसाठी खुली' म्हणू नये.

हे मी लांबून बघून लिहीत नाही. माझा दादा जन्मापासून कर्णबधिर आहे, मी ऐकणारी. काही वर्षांपूर्वी आम्ही दोघं अशाच एका सर्वांसाठी खुल्या सहलीला गेलो होतो. वाट अरुंद, सगळे एकामागे एक. पुढे कुणीतरी काहीतरी बोललं आणि हसू रांगेतून मागे सरकत आलं. माझ्यापर्यंत आलं, मीही हसले. दादानं मागून खांद्यावर बोट टेकवलं. मी वळून पाहिलं तर त्याच्या भुवया वर: काय झालं? माझ्या एका हातात काठी, दुसऱ्या हातात बाटली, पायाखाली सुटे दगड. मी मानेनंच 'काही नाही, नंतर सांगते' केलं आणि पुढे वळले. नंतर सांगितलं नाही, कारण थांबेपर्यंत तो विनोद मलाच आठवेना. त्या दिवशी दादानं सहा तास माझी पाठपिशवी पाहिली. शेवटी आयोजकांनी अंगठा दाखवून त्याला 'मजा आली ना?' असं विचारलं. त्यानंही अंगठा दाखवला. सहल यशस्वी झाली असं सगळ्यांनी धरलं.

'नंतर सांगते' हे शब्द प्रत्येक कर्णबधिर माणसानं आपल्याच घरात, आपल्याच माणसांच्या ओठांवर अगणित वेळा पाहिलेले असतात. घरचे सगळे जेवायला बसलेत, गप्पा रंगल्यात आणि एकच माणूस ताटाकडे बघत जेवतोय. या अनुभवाला अभ्यासकांनी 'डिनर टेबल सिंड्रोम' असं नावच दिलं आहे. आपण तीच पंगत उचलून रानात नेतो आणि तिला मोकळी हवा म्हणतो. घरात जेवताना निदान सगळ्यांचे चेहरे तरी समोर असतात.

हा प्रश्न आजचा नाही. ऑक्टोबर १८०२ मध्ये, ऐकू येणं कमी होत चाललेल्या संगीतकार बेथोव्हननं व्हिएन्नाजवळच्या हायलिगेनश्टाट इथं आपल्या भावांच्या नावे एक पत्र लिहिलं आणि ते कधीच पाठवलं नाही. त्याच्या मृत्यूनंतर ते कागदपत्रांत सापडलं. शेजारी उभ्या असलेल्या माणसाला दुरून बासरी ऐकू येते आणि मला काहीच येत नाही, हा केवढा अपमान, असं त्यात आहे. त्याचा शिष्य फर्डिनांड रीस यानं पुढे आठवणींत असाच एक प्रसंग सांगितला. दोघं रानात फिरत होते. एक मेंढपाळ पावा वाजवत होता, रीसनं तिकडे बेथोव्हनचं लक्ष वेधलं. अर्धा तास झाला तरी बेथोव्हनला काही ऐकू येईना. रीसनं मग मलाही आता ऐकू येत नाही असं सांगून पाहिलं. ते खरं नव्हतं. बेथोव्हन गप्प आणि उदास होत गेला. हा प्रसंग नेहमी बेथोव्हनच्या दुःखाचा म्हणून सांगतात. माझी नजर मात्र रीसकडे जाते. भला माणूस, गुरूवर जीव असलेला, आणि सोबत चालताना त्याच्यापाशी देण्यासारखं काय होतं, तर एक प्रेमळ खोटं. 'काही नाही, नंतर सांगते' आणि 'मलाही ऐकू येत नाही' ही एकाच घरची वाक्यं आहेत.

पण इथेच एक गफलत होते आणि वाद बिघडतो तो तिच्यामुळे. बेथोव्हन संगीतकार होता, त्याच्या हातून ऐकणं निसटत होतं, त्यामुळे पावा न ऐकू येणं हेच त्याचं दुःख होतं. माझ्या दादानं पावा कधी गमावलेलाच नाही. त्याच्या जगात तो नव्हताच. त्या दिवशी त्याच्याकडून हुकला तो विनोद. ध्वनी हुकणं वेगळं आणि माणसं हुकणं वेगळं. मिश्र सहलींना विरोध करणारे काही लोक 'पाखरांचा किलबिलाटच ऐकू येणार नाही, मग रानात जाऊन काय?' असं विचारतात आणि त्यांना वाटतं आपण कणव दाखवतोय. समर्थकही तीच कणव उलटी करून 'त्यांना निसर्गाचा अनुभव देऊ या' म्हणतात. अनुभव देणारे आपण कोण? गवत एका बाजूनं हललं, वारा नसताना हललं, हे आम्ही दोघं आता ज्या मिश्र गटासोबत चालतो, त्यात सगळ्यांत आधी दादाला दिसतं. लहानपणापासून सांकेतिक भाषा वापरणाऱ्या कर्णबधिरांचं नजरेच्या कडेला असलेलं लक्ष अधिक तल्लख असतं, हे प्रयोगांतून दिसलेलं आहे. रान त्याला कमी पडत नाही, कमी पडते ती सोबत.

सभागृहात ज्या अडचणी उद्भवत नाहीत त्या चालण्यातच का उद्भवतात, ते नीट बघायला हवं. आवाज कोपऱ्यामागून येतो, पाठीमागून येतो, अंधारातून येतो. हातांची भाषा सरळ रेषेत जाते आणि तिला उजेड लागतो. दोन कर्णबधिर मित्र शेजारी शेजारी चालत बोलत असतात तेव्हा प्रत्येक जण समोरच्याच्या चेहऱ्याकडे आणि हातांकडे बघत असतो, म्हणजे स्वतःच्या वाटेकडे जवळजवळ बघत नसतो. तरी ते पडत नाहीत, कारण एकमेकांची वाट ते एकमेकांसाठी बघतात. पुढे खड्डा आला की बाही हलकेच ओढली जाते, संभाषण न तुटता. याला कुणी वेगळं नाव देत नाही, ही त्यांची अंगवळणी पडलेली सवय आहे. वॉशिंग्टनच्या गॅलोडेट या कर्णबधिरांच्या विद्यापीठात २००५ पासून वास्तुरचनाकार आणि कर्णबधिर मंडळींनी मिळून 'डेफस्पेस' नावाची तत्त्वं मांडली, ती अशाच सवयी निरखून: दोघांना हातवारे करत शेजारून जाता येईल एवढे रुंद मार्ग, आंधळी वळणं टाळणं, डोळ्यांवर न येणारा मऊ उजेड.

रानातली वाट रुंद करता येत नाही, पण रुंद वाट निवडता तर येते? एकामागे एक चालायची पाऊलवाट असेल तर ती गप्पांसाठी नाही हे आधीच मान्य करायचं, ती लवकर पार करायची आणि मोकळवनात आलं की थांबायचं. थांबताना अर्धवर्तुळ करायचं. सांगणाऱ्यानं सूर्याकडे तोंड करून उभं राहायचं, सूर्य बघणाऱ्यांच्या पाठीशी. उलट केलं तर त्याचा चेहरा काळा पडतो आणि भाषेचं अर्धं व्याकरण त्या चेहऱ्यावर असतं. भुवया वर गेल्या तर प्रश्न, मान हलली तर नकार. म्हणून काळा चष्मा उतरवायचा, टोपीची झापड मागे करायची. आणि सगळ्यांत जास्त चुकतं ते हे: पक्षी दाखवताना बोलायचं नाही. ऐकणारा माणूस दुर्बिणीतून बघता बघता माहिती ऐकतो. कर्णबधिर माणूस एक तर पक्षी बघेल नाही तर सांगणाऱ्याचे हात. तेव्हा आधी सांगा, मग दाखवा, मग बघायला वेळ द्या, आणि सगळ्यांच्या नजरा परत आल्यावरच पुढचं. हे शिकायला काही दिवस लागत नाहीत, पहिल्या थांब्यावर पंधरा मिनिटं पुरतात. मात्र ती पंधरा मिनिटं कुणी देत नाही आणि मग सबंध दिवस वाया जातो.

आता विरोधकांच्या सर्वांत वजनदार मुद्द्याकडे येते. कर्णबधिरांच्या वेगळ्या सहलींची बाजू मी हलक्यात घेत नाही. १९२४ साली पॅरिसमध्ये कर्णबधिरांच्या पहिल्या आंतरराष्ट्रीय क्रीडास्पर्धा भरल्या. आज त्यांना डेफलिंपिक्स म्हणतात आणि त्या पॅरालिंपिक्सपासून वेगळ्याच आहेत. कर्णबधिर धावपटूच्या पायांत काही कमी असतं म्हणून नव्हे. मैदानावर, पंचांशी, निवासात, बसमध्ये सगळीकडे आपली भाषा असावी म्हणून. शिवाय एकत्र येण्याच्या नावाखाली कर्णबधिरांनी काय काय सोसलंय तेही विसरता येत नाही. १८८० साली मिलानला कर्णबधिर मुलांच्या शिक्षकांची परिषद भरली. मतं देणाऱ्यांत कर्णबधिर जवळजवळ नव्हतेच. ठराव झाला की मुलांना बोलणं शिकवायचं, खुणांना थारा द्यायचा नाही. हेतू काय सांगितला? तर मुलांना समाजात मिसळता यावं. त्या ठरावानंतर पिढ्यान् पिढ्या मुलांनी वर्गात हात मांडीखाली दाबून ठेवले. त्या ठरावाबद्दल त्याच परिषदेच्या व्हँकुव्हरच्या अधिवेशनात अधिकृत खेद व्यक्त व्हायला २०१० साल उजाडलं. हा इतिहास पाठीशी असताना एखादा कर्णबधिर माणूस 'मिसळा' या शब्दानं दचकत असेल तर त्याला फुटीर कोणत्या तोंडानं म्हणायचं? आठवडाभर कचेरीत ओठ वाचून थकलेल्या माणसाला सुट्टीचा दिवस आपल्या भाषेत घालवायचा असेल, तर त्यासाठी त्यानं कुणालाही कारण द्यायची गरज नाही.

हे सगळं मान्य करूनही 'म्हणून एकत्र नकोच' हा निष्कर्ष मला पटत नाही, कारण मिलानमध्ये चुकलं ते मिसळणं नव्हतं. मिसळायचं कुणाच्या भाषेत, हे एकाच बाजूनं ठरवलं, ते चुकलं. उलट उदाहरणही इतिहासात आहे, तेही मिलानच्या जवळजवळ अर्धं शतक आधीचं. १८३४ साली पॅरिसमध्ये फर्डिनांड बर्थिए या कर्णबधिर शिक्षकानं आणि त्याच्या साथीदारांनी मेजवानी भरवली. कर्णबधिरांसाठी शाळा काढणाऱ्या आबे द लेपे यांच्या स्मरणार्थ, आणि मग ती दरवर्षी होऊ लागली. तिला ऐकणाऱ्या पाहुण्यांनाही बोलावणं असे. पण भाषणं हातांनी व्हायची, ज्यांना ती भाषा येत नव्हती ते पाहुणे, आणि अडायचं त्यांचं. (स्त्रियांना त्या पंगतीत बरीच वर्षं जागा नव्हती हेही नोंदवते. स्वतः वगळली गेलेली माणसंही दुसऱ्याला वगळू शकतात.) त्या खोलीतलं बहुमत, भाषा आणि यजमानपद कर्णबधिरांकडे होतं, म्हणून तिथं ऐकणाऱ्यांच्या येण्यानं कुणाची फरफट झाली नाही. मिश्र सहलीचा खरा नमुना तो आहे. यजमान कोण, एवढं ठरलं की निम्मे प्रश्न उरत नाहीत.

संयुक्त राष्ट्रांच्या २००६ च्या अपंगांच्या हक्कांच्या करारातलं ३० वं कलम वाचलं तरी हे 'एकत्र की वेगळे' भांडण किती पोकळ आहे ते कळतं. खेळ आणि विरंगुळ्याबद्दल त्यात मुख्य प्रवाहात सहभागी होण्याचाही हक्क आहे आणि आपले वेगळे उपक्रम स्वतः उभारण्याचाही. सांकेतिक भाषा आणि कर्णबधिर संस्कृती यांना मान्यता द्यायची गोष्टही त्याच कलमात आहे. ज्यांनी तो मसुदा लिहिला त्यांना यात विसंगती दिसली नाही, मग आपल्यालाच का दिसावी?

'वीस जणांच्या गटात तीन कर्णबधिर, त्या तिघांसाठी सतरा जणांनी का बदलायचं?' हा प्रश्न विचारणारे लोक वाईट नसतात, त्यांचा हिशेब चुकतो. सतरा जणांना थोडं थोडं बदलणं शक्य आहे. तिघांना ऐकू येणं शक्य नाही. ओठ वाचता येतात ना, असं म्हणणाऱ्यांनी आरशासमोर उभं राहून आवाज न काढता 'बाळ', 'भाळ', 'माळ', 'पाळ' म्हणून बघावं. चारही वेळा ओठ सारखेच हलतात. 'क', 'ग', 'ह' तर ओठांवर उमटतच नाहीत. त्यात चालताना मान हलते, दाढी-मिशा येतात, वाऱ्यानं केस तोंडावर येतात. हे करून दाखव असं आपण ज्याला सांगतो तो दिवसभर कोडं सोडवत चाललेला असतो. याउलट मार्थाज व्हिनयार्ड या अमेरिकेतल्या बेटाचं उदाहरण घ्या. तिथं एकोणिसाव्या शतकात आनुवंशिक बहिरेपण इतकं होतं की चिलमार्क या गावात साधारण २५ जणांमागे एक कर्णबधिर होता. म्हणजे तिथंही ऐकणाऱ्यांचंच प्रचंड बहुमत. तरी मानववंशशास्त्रज्ञ नोरा ग्रोस यांनी जुन्या लोकांच्या आठवणी गोळा केल्या तेव्हा दिसलं की तिथं ऐकणारेही सांकेतिक भाषा बोलत. एका होडीतून दुसऱ्या होडीत निरोप द्यायला, जिथं आवाज पोचत नाही तिथं, आसपास एकही कर्णबधिर नसतानासुद्धा. त्या परंपरेतली शेवटची कर्णबधिर व्यक्ती १९५२ मध्ये वारली. यावर कुणी म्हणेल की ते जन्मभराचे शेजारी होते, एका दिवसाच्या सहलीतून ती भाषा कशी येणार? नाहीच येणार. पण मागणी संपूर्ण भाषेची नाहीच आहे. थांब, बघ, सावकाश, घसरतंय, सगळे आले का, परत सांग, इतकं तर पहिल्या चढणीआधी येतं. महिन्यातून एकदा वर्षभर चाललं की विनोद कळायला लागतात.

आणि बदलून ऐकणाऱ्यांचं काही जातं का? त्याच गॅलोडेटच्या अमेरिकन फुटबॉल संघातल्या खेळाडूंनी १८९० च्या दशकात आपल्या खुणा समोरच्या संघाला दिसू नयेत म्हणून एकमेकांभोवती कडं करायला सुरुवात केली, असं मानतात. आज जगभर मैदानावर खेळाडू डोकी जुळवून उभे राहतात, त्यात किती जणांना ऐकू येत नाही? आमच्या गटात एक नियम आहे: मागचा दिसेनासा झाला की पुढच्यानं थांबायचं. हा नियम कर्णबधिरांमुळे आला, कारण हाक मारून उपयोग नव्हता. तेव्हापासून आमच्यात धापा टाकणारा, गुडघा दुखणारा, नवखा असा एकही माणूस एकटा मागे राहिलेला नाही. ज्यांना हाक मारता येते त्यांच्या गटात मागचा माणूस हाकेपुरता मागे राहतोच.

दुभाषी असला की झालं, हा पहिल्या बाजूचा लाडका उपाय. दुभाष्यांचा मला मनापासून आदर आहे, म्हणूनच सांगते. सभागृहातसुद्धा दोन दुभाषी साधारण वीस ते तीस मिनिटांनी आलटून पालटून काम करतात, कारण त्याहून जास्त वेळ मेंदू साथ देत नाही. चढणीवर त्यानं काय करायचं, उलटं चालत हात हलवायचे? शिवाय दुभाषी एका वेळी एकाचंच बोलणं पोचवू शकतो. सहलीतली खरी गोष्ट औपचारिक माहितीत नसतेच, ती चालता चालता दोघादोघांत होणाऱ्या बोलण्यात असते. 'नोकरी सोडलीस म्हणे?' हे दुभाष्यामार्फत कोण विचारतं? दुभाषी जरूर हवा: सुरुवातीच्या सूचनांना, वाटेतल्या जाणकाराच्या बोलण्याला, आणि काही दुखलंखुपलं तर. मात्र त्याला आणलं म्हणून बाकीच्यांनी हात खिशात घातले, तर आपण कर्णबधिर माणसाशी बोलायचं काम पैसे देऊन दुसऱ्याकडे सोपवलं, एवढाच त्याचा अर्थ.

सुरक्षिततेचा मुद्दा मात्र खरा आहे आणि तो झटकून टाकणाऱ्या समर्थकांवर माझा राग आहे. वरून दगड सुटला, मागून वाहन आलं, तर आवाज पहिला इशारा देतो. शिट्टी हे रानातलं जुनं साधन, ते इथं निम्म्या गटाला निरुपयोगी. सपाट लाकडी जमिनीवर पाय आपटला तर कंप पोचतो, मातीवर तोही पोचत नाही. श्रवणयंत्र आहे म्हणावं, तर वाऱ्यात त्यात नुसता घोंघाट येतो आणि घामानं, पावसानं ते बंद पडू शकतं. पण धोका आहे म्हणून माणूस नको, असं आपण आणखी कुणाबद्दल म्हणतो? कानात इअरफोन कोंबून चालणाऱ्याला कुणी परत पाठवत नाही. उपाय साधे आहेत. डांबरी रस्त्यावर समोरून येणाऱ्या वाहनांकडे तोंड करून चालायचं. दगड सुटणाऱ्या जागी एकेकानं पार व्हायचं आणि दोन्ही टोकांना नजर ठेवायला एकेक माणूस. निरोप खांद्यावरच्या थापेनं एकाकडून दुसऱ्याकडे, शेवटपर्यंत गेला की शेवटच्यानं हात वर करायचा. प्रत्येक फाट्यावर मोजणी. आणि एक गोष्ट ऐकणाऱ्या गटांना जमत नाही ती आम्हाला जमते: ओढ्याच्या खळाळाला, सोसाट्याच्या वाऱ्याला आमचं बोलणं दबत नाही. गेल्या पावसाळ्यानंतर आम्ही एका दरीच्या दोन काठांवर विभागलो गेलो होतो. पलीकडे एकीचा पाय मुरगळला. अंतर हाकेच्या पलीकडचं, पाण्याचा आवाज प्रचंड. पलीकडून एका मुलीनं उंच दगडावर उभं राहून मोठमोठ्या खुणा केल्या: पाय, सूज, चालू शकते, सावकाश येतो. दादानं इकडून उत्तर दिलं. ज्यांना ती भाषा येत नव्हती ते दोघं ऐकणारे तोंडाभोवती हात धरून ओरडत होते आणि कुणालाच काही पोचत नव्हतं.

एका गैरसमजाचा ऐकणाऱ्यांनाच जास्त मोह पडतो, तो म्हणजे अशी सहल शांत असेल, मौनाची असेल, मनाला विसावा देईल. तसं काही नसतं. कर्णबधिर माणसं भरपूर बोलतात, वाद घालतात, चहाड्या करतात, मोठ्यानं हसतात आणि ते हसू किती मोठं झालं याची त्यांना फिकीर नसते. मौन शोधायला येणाऱ्यानं एकट्यानं जावं. दुसऱ्याचं बहिरेपण हे आपल्या साधनेचं साहित्य नाही.

आणखी एक अडचण आहे आणि ती मला अजून पुरती सुटलेली नाही. ऐकू न येणारे सगळेच सांकेतिक भाषा जाणत नाहीत. वयाच्या साठीत कान गेलेला माणूस, लहानपणी कॉक्लिअर इम्प्लांट, म्हणजे शस्त्रक्रियेनं बसवायचं ऐकण्याचं उपकरण, बसवून केवळ बोलण्यावर वाढवलेली तरुणी, अर्धवट ऐकू येणारे, यांना हातांच्या भाषेतली सहल तितकीच परकी वाटू शकते. आमच्याकडे असे एक काका येतात. थांब्यावर त्यांच्यासाठी एकजण फोनवर लिहून दाखवतो, बोललेलं अक्षरांत उमटवणारी सोयही वापरतो. वारा असला की ती बिघडते. चेहरा समोर, उजेड तोंडावर, एका वेळी एकानंच बोलायचं, हे नियम त्यांनाही उपयोगी पडतात. तरी गप्पांच्या ओघात ते मागे पडतात हे मला दिसतं. त्यांना 'नंतर सांगते' म्हणायची वेळ माझ्यावर अजूनही येते, आणि आता मी ते वहीत टिपून ठेवते आणि खरंच नंतर सांगते. हे उत्तर अपुरं आहे, पण मिश्र सहलीच नकोत असं त्यातून निघत नाही.

उजेडाचं काय, असाही प्रश्न येतो. संध्याकाळ झाली की सांकेतिक भाषा संपते, ऐकणाऱ्यांची चालू राहते. खरं आहे. म्हणून उतरायची वेळ सूर्यास्ताच्या बरीच आधीची ठरवतो आणि ती पाळतो. एकदाच चुकलो. शेवटच्या टेकडीवरून उतरताना अंधारलं आणि आम्ही अकरा जण, सहा ऐकणारे आणि पाच कर्णबधिर, एका सपाट दगडावर थांबलो. पुढचा उतार आत्ता उतरायचा की चंद्र वर येईपर्यंत थांबायचं, हे ठरवायचं होतं. आम्ही सहा जणांनी अंधारात बोलून अर्ध्या मिनिटात ठरवलं असतं. एकीनं पाठपिशवीतून विजेरी काढली आणि बोलणाऱ्याच्या हातांवर धरली, डोळ्यांवर नाही, छातीच्या जरा खाली. त्याचं झालं की झोत पुढच्याच्या हातांवर. ज्याला बोलायचं तो झोतात हात घालायचा. सहांपैकी कुणीही तोंडानं एक शब्द काढला नाही. वीस मिनिटं लागली. दादाचं म्हणणं थांबायचं होतं, माझं उतरायचं. त्याच्या बाजूनं सात मतं पडली, आणि आम्ही थांबलो.